उघड्या दारामागची वाट
‘रिव्हेन’ या संगणक-खेळाबद्दलची खेळाडूंची मते आणि आपला विज्ञानाचा वर्ग

गाजलेल्या नाटकाचा, चित्रपटाचा किंवा कादंबरीचा पुढचा भाग आला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘पहिल्याची सर नाही’ हे एक आणि ‘पहिल्यापेक्षा सरस’ हे दुसरे. संगणकावरील खेळही याला अपवाद नाहीत. अशाच एका खेळाच्या पुढच्या भागाचा विचार या लेखात करायचा आहे. त्याचे नाव ‘रिव्हेन’. तो १९९७ साली निघाला आणि २०२४ साली नव्या रूपात पुन्हा आला. मधल्या सत्तावीस वर्षांत खेळाडूंनी त्याच्याबद्दल भरभरून लिहिले. त्यात स्तुती आहे तशा तक्रारीही आहेत.

शिक्षकांसाठी असलेल्या मासिकात संगणकावरच्या खेळाला जागा कशाला, अशी शंका काही वाचकांना येईल. तिचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच आहे. यात नेम धरून गोळ्या झाडायच्या नाहीत की गाड्या पळवायच्या नाहीत. नीट बघायचे, ऐकायचे, वहीत टिपून ठेवायचे, आकृत्या काढायच्या आणि टिपणे पुढे घेऊन अनुमान करायचे, एवढेच काम खेळाडूला असते. प्रयोगवहीच्या निमित्ताने आपण मुलांकडून जे मागतो, तेच हा खेळ मागतो. म्हणून त्याच्याविषयीच्या तक्रारी वाचताना आपल्याच वर्गातील तक्रारी वाचतो आहोत असे वाटू लागते.

खेळ काय आहे?

या जातीच्या खेळांना ‘पॉइंट अँड क्लिक’ म्हणतात. पडद्यावर एक चित्र असते. माउसचा बाण हव्या त्या जागी नेऊन बटण दाबले की तिथले दार उघडते, कळ फिरते किंवा पुढचे चित्र येते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराजवळच्या सायन या छोट्या कंपनीने १९९३ साली ‘मिस्ट’ नावाचा असा खेळ काढला. रँड आणि रॉबिन मिलर हे दोन भाऊ त्याचे कर्ते. घड्याळ नाही, गुण नाहीत, शत्रू नाहीत; फक्त एक निर्मनुष्य बेट आणि त्यावरची यंत्रे. असा संथ खेळ कोण घेईल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात २००२ साली ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत घरगुती संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ म्हणून तोच ओळखला जात होता.

‘रिव्हेन’ हा त्याचा पुढचा भाग. मिस्ट एका सीडीवर मावला होता, रिव्हेनला पाच सीडी लागल्या. कथा थोडक्यात अशी. रिव्हेन हे पाच बेटांचे, हळूहळू दुभंगत चाललेले जग आहे. गेन नावाचा माणूस तेथे देव बनून राज्य करतो. त्याच्या कैदेतून कॅथरीन नावाच्या स्त्रीला सोडवायचे आहे. खेळाडू बेटावर उतरतो तेव्हा एवढेच त्याला माहीत असते. कोडी कोणती, ती कोठे आहेत, किती आहेत हे त्याला कोणीही सांगत नाही.

मतांचे तीन ढीग

खेळाडूंची मते चाळली तर त्यांचे साधारण तीन ढीग पडतात.

पहिल्या ढिगात स्तुती आहे. या मंडळींच्या मते मिस्टमधील कोडी जागेवर आणून बसवल्यासारखी होती. रिव्हेनमध्ये ती जागेतूनच उगवली आहेत. वाफेचा नळ कोठून कोठे जातो, पूल कशावर फिरतो, गावातली माणसे कोणत्या प्राण्याला भितात, यांपैकी प्रत्येक गोष्टीला त्या जगात काही कारण आहे. ते कारण समजले की कोडे सुटते.

दुसऱ्या ढिगात कंटाळा आहे. एक कळ दाबायची, तिचा परिणाम पाहायला दुसऱ्या बेटावर जायचे, पुन्हा परत यायचे. त्या काळी बेट बदलले की बहुधा सीडीही बदलावी लागे. ही तक्रार रास्त होती. पण तिचा संबंध त्या काळच्या साधनांशी होता आणि साधने सुधारल्यावर ती बरीचशी मिटली.

तिसरा ढीग सर्वांत महत्त्वाचा. ‘खेळ फार अवघड आहे’ असे ही मंडळी म्हणतात. मात्र अवघड म्हणजे काय, हे त्यांच्याच शब्दांत पाहिले तर सूर असा निघतो : ‘काय सोडवायचे आहे तेच कळत नाही.’ उत्तर सापडत नाही ही तक्रार वेगळी आणि प्रश्न सापडत नाही ही वेगळी. गंमत अशी की पहिल्या ढिगातील माणसे नेमक्या याच गोष्टीसाठी खेळाला डोक्यावर घेतात. एकाच गुणाला काही जण गुण म्हणतात व काही जण दोष.

मते मोजण्यापूर्वी

या ढिगांपैकी कोणता मोठा हे मोजून निकाल लावण्याचा मोह होतो. त्याआधी दोन सावधगिरीच्या गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. दोन्ही संख्याशास्त्रातल्या आहेत आणि दोन्ही वर्गात उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट पुढच्या भागांच्या नशिबाची. समजा, घटक चाचणीत वर्गात पहिल्या आलेल्या पाच मुलांची नावे आपण लिहून ठेवली. पुढच्या चाचणीत त्या पाचांची सरासरी बहुधा थोडी खाली येते. मुले आळशी झाली असे आपण म्हणतो. वास्तविक पहिल्या वेळी त्यांना पहिला क्रमांक मिळाला त्यात अभ्यास होता, तसा थोडा योगायोगही होता. दुसऱ्या वेळी अभ्यास तोच राहिला, योगायोग मात्र तसाच येईल याची खात्री नव्हती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीची तुलना करताना ही गोष्ट दाखवून दिली. तिला सरासरीकडे परतणे म्हणतात. आता पाहा, पुढचा भाग कोणाचा निघतो? जो खेळ असामान्य गाजला त्याचाच. पडलेल्या खेळांचा पुढचा भाग कोणी काढत नाही. म्हणजे ‘पहिल्याची सर नाही’ या वाक्यातला काही भाग खेळाच्या दर्जाविषयी काहीच सांगत नाही. निवड कशी झाली तेवढेच सांगतो. रिव्हेन चांगला खपला, पण मिस्टएवढा खपला नाही, यावरून तो मिस्टपेक्षा हलका ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मत लिहितो कोण? ज्याने खेळ शेवटपर्यंत नेला तो उत्साहाने लिहितो. जो फार चिडला तोही लिहितो. पहिल्या बेटावर तासभर भटकून ज्याने मुकाट्याने संगणक बंद केला आणि सीडी कपाटात टाकली, तो काहीच लिहीत नाही. त्याचे मत एकाही ढिगात नसते. सोडून जाणारे असे किती असतील हे उरलेल्यांची मते कितीही बारकाईने वाचली तरी कळणार नाही.

आपल्या वर्गातही हेच घडते. ‘समजले का?’ असे विचारले की समजलेली मुले ‘हो’ म्हणतात, धीट मुले ‘नाही’ म्हणतात आणि बाकीची गप्प बसतात. आपण होकार मोजतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

गावातील शाळा

आता खेळाच्या आत जाऊ. रिव्हेनच्या एका बेटावर गाव आहे आणि त्या गावात एक खोलीची शाळा आहे. शाळेत एक खेळणे ठेवले आहे. दोन बाहुल्या दोऱ्यांना टांगलेल्या आहेत आणि खाली एक अक्राळविक्राळ जलचर तोंड वासून आहे. मूठ फिरवली की एक चिन्ह दिसते आणि बाहुली काही खटके खाली येते. खटके मोजले की त्या चिन्हाची किंमत कळते. एक बाहुली जलचराच्या तोंडात जाईपर्यंत हा खेळ चालतो.

या खेळण्यातून १ ते १० ही अंकचिन्हे शिकता येतात. प्रत्येक चिन्ह एका चौकोनात असते. १, २, ३ आणि ४ यांना स्वतंत्र खुणा आहेत. ५ म्हणजे १ ची उभी रेघ आडवी केलेली. १० म्हणजे २ ची खूण तशीच काटकोनात वळवलेली. ६ काढायचा असेल तर ५ आणि १ एकमेकांवर ठेवायचे. एवढे कळले की १५ म्हणजे ३ वळवलेला आणि २० म्हणजे ४ वळवलेला असणार, हे न शिकवता समजते. तेथून २४ पर्यंतचे सर्व अंक बनवता येतात. पंचवीस झाले की नवे घर सुरू होते. आपल्या पद्धतीत दहाच्या पटीने घरे वाढतात, येथे पंचवीसच्या. म्हणून या पद्धतीत ‘२’ आणि शेजारी ‘३’ लिहिले तर त्याची किंमत २ × २५ + ३ म्हणजे ५३ होते.

स्थानिक किंमत हा पाठ प्राथमिक वर्गात घ्यायला किती कठीण जातो हे आपण जाणतोच. आपले अंक मुलांच्या इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यामागे एक युक्ती आहे हेच त्यांना दिसत नाही. परके अंक हाती आले की ती युक्ती उघडी पडते. १९९४ साली अलास्कातील कॅक्टोविक गावाच्या शाळेत इन्युपियाक विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेतील विसाच्या मोजणीसाठी नवी अंकचिन्हे स्वतः तयार केली. त्यांतही पाचाचा उपगट आहे. तेव्हा हा प्रकार केवळ खेळातच शोभतो असे समजायचे कारण नाही.

पण त्या खेळण्याकडे पुन्हा एकदा पाहू. गावातील मूल त्यातून अंक शिकते, आणि त्याच वेळी ‘आज्ञा मोडली तर तुला या तोंडात टाकतील’ हेही शिकते. गेनच्या राज्यात गणित आणि दहशत एकाच मुठीने फिरवली जाते. खेळाडू मात्र त्याच खेळण्यातून पुढे जाऊन २४ पर्यंत पोहोचतो. त्याच्यावर कोणाचा दरारा नसतो आणि त्याला वाटेल तितक्या वेळा मूठ फिरवून पाहता येते. रिव्हेनच्या कर्त्यांनी शिक्षणावर केलेली ही टीका मला संपूर्ण खेळातील सर्वांत मोलाची वाटते. खेळाच्या अवघडपणावर एवढे लिहिले गेले, त्या मानाने या खोलीकडे लक्ष कमीच गेले.

तीन कुलपे

‘नुसते अंदाजाने करून पाहिले तर?’ हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. रिव्हेनमधील तीन कुलपे घेऊन त्याचे उत्तर आकड्यांत काढता येते. दहावीनंतरच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे.

पहिले कुलूप घुमटाचे. पंचवीस खाचांच्या पट्टीवर पाच सरकपट्ट्या योग्य जागी लावायच्या. पंचविसांतून पाच जागा निवडण्याचे प्रकार ५३,१३०. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरली तर अखंड सहा दिवसांत सर्व प्रकार संपतात. म्हणजे चिकाटीने, डोके न वापरता, हे उघडता येईल. कर्त्यांना ही पळवाट ठाऊक असावी. हा संकेत प्रत्येक नव्या खेळात बदलतो, त्यामुळे मित्राचे उत्तर उतरवून उपयोग होत नाही. परीक्षेत शेजारच्या बाकाला वेगळा संच देण्यासारखेच हे आहे.

दुसरे कुलूप पंचवीस दगडांचे. प्रत्येकावर एक प्राणी कोरलेला. त्यांतले पाच योग्य क्रमाने दाबायचे. क्रम महत्त्वाचा असल्याने २५ × २४ × २३ × २२ × २१ म्हणजे ६३,७५,६०० प्रकार होतात. कोणते प्राणी आणि कोणत्या क्रमाने, याच्या खुणा बेटांवर विखुरलेल्या आहेत. लाकडी गोळा फिरवला की प्राण्याचा आवाज येतो आणि पाठीवर अंक दिसतो.

तिसरे कुलूप रंगीत गोट्यांचे. उभ्या-आडव्या पंचवीस-पंचवीस ओळींची, म्हणजे ६२५ खळग्यांची पाटी. सहा रंगांच्या गोट्या, त्यांतील पाच लागतात. हिशेब केला तर सुमारे ५६३ लाख कोटी मांडण्या होतात. सेकंदाला एक या वेगाने सर्व करून पाहायला सुमारे १ कोटी ७८ लाख वर्षे लागतील. येथे चिकाटी संपते आणि विचाराला पर्याय उरत नाही. बेटांच्या उठावाच्या नकाशावरून प्रत्येक घुमटाची जागा आलेखावरील बिंदूप्रमाणे काढायची आणि घुमटाच्या खुणेवरून त्याचा रंग ठरवायचा. त्यातही एका खुणेचा दिवा लागतच नाही. तिचा रंग बाकीच्यांवरून वजाबाकीने शोधावा लागतो. प्रयोगशाळेत एखादे निरीक्षण हाती येत नाही तेव्हा आम्ही हेच करतो.

खेळाचा खरा दोष

इतके झाल्यावर ‘अवघड’ म्हणणाऱ्यांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. कट्टर चाहते तसे करतात. मला ते पटत नाही.

एका बेटावर अशी जागा आहे. खेळाडू दार उघडून आत जातो. त्या उघडलेल्या दारांच्या फळ्यांमागे दोन वाटा आहेत. दार उघडे असेपर्यंत त्या झाकलेल्या राहतात; मागे वळून दार लावले तरच दिसतात. कल्पना सुंदर आहे. पण जो अडला आहे त्याच्या बाजूने पाहा. आपले अनुमान चुकले म्हणून अडलो, की मागे न वळल्याने एखादी वाट दिसलीच नाही म्हणून अडलो, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. गोट्यांच्या पाटीचेही तसेच. पाचांपैकी चार गोट्या बरोबर असोत की एकही नसो, यंत्राचे उत्तर एकच : काही होत नाही.

निसर्ग असा वागत नाही. रसायनशास्त्राचा प्रयोग फसला तरी रंग थोडा बदलतो, गाळ साचतो, तापमान चढते. चुकीच्या प्रयोगातून ‘कोठे चुकले’ याचा थोडा तरी धागा मिळतो आणि संशोधन त्या धाग्यांवरच चालते. रिव्हेन निरीक्षण शिकवतो, नोंदी शिकवतो, अनुमानही शिकवतो. चुकीतून शिकणे मात्र तो फारसे शिकवत नाही, कारण त्यातली चूक मुकी आहे. अडलेल्या माणसाने मग काय करावे? त्या काळी या खेळाची उत्तरे देणारी पुस्तके बाजारात मिळत. त्यांनाही ‘गाईड’च म्हणत. आपल्या दहावीच्या मुलाला हा शब्द समजावून सांगायला नको. गाईड उघडले की अडचण सुटते आणि खेळही संपतो. अडणे आणि गाईड यांच्यामध्ये एखादी पायरी हवी होती, ती कर्त्यांनी ठेवली नाही.

२०२४ साली सायननेच रिव्हेनची नवी आवृत्ती काढली. आता स्थिर चित्रांऐवजी बेटावर मोकळेपणी फिरता येते आणि काही कोडीही बदलली आहेत. मते पुन्हा दुभंगली. उत्तरे पाठ असलेल्या जुन्या खेळाडूंपैकी काहींना नवी कोडी हा प्रसाद वाटला, काहींना मूर्तीची मोडतोड. मूळ खेळातील नटांच्या चित्रफिती जाऊन संगणकाने घडवलेली पात्रे आली, याचीही अनेकांना हळहळ वाटली. हा वाद चालू राहील. सीडीची कटकट मात्र आता कोणाला आठवतही नाही. प्रश्न कोणी सांगत नाही याबद्दलची नाराजी आणि प्रेम दोन्ही जसेच्या तसे आहेत.

वर्गात काय करता येईल?

हा खेळ शाळेत आणा असे मी सुचवत नाही. त्याला लागणारा वेळ आणि संगणक आपल्या बहुतेक शाळांकडे नाहीत. पण त्यातले चांगले घेऊन त्याचा दोष टाळता येईल.

नागपूरच्या शिक्षकांना गांधीसागराजवळचे रमण विज्ञान केंद्र परिचयाचे आहे. १९९२ पासून असंख्य सहली तेथे गेल्या. तेथील प्रत्येक प्रयोगाशेजारी काय करायचे याची पाटी आहे आणि ती आवश्यकही आहे. पण मुले बटण दाबतात, गंमत पाहतात आणि पुढच्या बटणाकडे धावतात. याला जोड म्हणून एक सहल बिनपाटीच्या जागी काढावी. आपल्या शहरात अशी जागा आहे, झिरो माईलचा दगड. तेथे निरनिराळ्या गावांची नावे आणि अंतरे कोरलेली आहेत. मुलांना फक्त वही आणि नकाशा द्यावा. अंतरे मैलांत आहेत हे सांगू नये. ‘चांदा’ म्हणजे चंद्रपूर हेही सांगू नये. ‘येथे कोणते प्रश्न विचारता येतील?’ एवढेच विचारावे.

आकडे रस्त्यावरच्या आजच्या पाट्यांशी जुळत नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात येईल. भागाकार केला तर उत्तर १.६ च्या आसपास येईल, पण सगळीकडे सारखे येणार नाही. का येत नाही, रस्ता बदलला की मोजणी वेगळी, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा.

आणि रिव्हेनने जे केले नाही ते आपण करावे. प्रत्येक मुलाच्या वहीत एक पान ‘मी कोठे अडलो’ यासाठी ठेवावे. त्यावर गुण देऊ नयेत. सहल संपल्यावर प्रथम ती पाने वाचावीत, उत्तरांची नंतर. ज्याने अडून काहीच सांगितले नाही त्याला उत्तर देऊ नये आणि मोकळेही सोडू नये. ‘तू ज्या दारातून आलास ते एकदा लावून बघ’ एवढी सूचना त्याला पुरेल. खेळाडूंच्या मतांच्या ढिगात ज्याचे मत कधी आलेच नाही, ते मूल निदान आपल्या वर्गात तरी सापडावे.

हा प्रयोग करून पाहणाऱ्या शिक्षकांनी मुलांनी विचारलेले प्रश्न अवश्य कळवावेत. उत्तरे नसली तरी चालतील.